पाइप गार होता

आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक लोखंडी चूल होती. गुडघ्याएवढी उंच, चार पायांची. पुढे बिजागरीचं दार, वर तवा बसेल एवढं झाकणाचं तोंड आणि मागून निघालेला पाइप. हा पाइप भिंतीतल्या भोकातून परसात जायचा आणि छपराच्या वर हातभर जाऊन संपायचा. वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये रंगारी होते, तेव्हा त्यांनी भंगारातल्या जाड पत्र्याची ही चूल तिथल्या वेल्डरकडून करून घेतली होती. गॅस आल्यावर ती वापरातून गेली, पण जागची हलली नाही. तिच्यावर आई डाळीचे डबे ठेवायची.

गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावपासून फार लांब नाही. धाकटी बहीण तेलगावकडे दिलेली. त्या हिवाळ्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मी शहरातल्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान पाहते, तेव्हाही पाहत होते.

थंडी सुरू झाली की आमच्या टेबलावर एक बातमी येते. दरवर्षी येते, फक्त गाव बदलतं. खोली बंद, आत निखाऱ्यांची शेगडी, सकाळी हाका मारूनही दार उघडलं जात नाही. चार ओळींची बातमी. ती मी इतक्यांदा लावली आहे की शीर्षकासाठी थांबावं लागत नाही.

आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा टाकतात आणि खोली बंद करतात. बाळंतिणीला आणि बाळाला वारा लागू द्यायचा नाही, हा यातला मुख्य नियम. आमच्या बौद्ध वस्तीत आणि वरच्या आळीत बऱ्याच गोष्टी वेगळ्या आहेत, पण या नियमात काही फरक नाही. आईने आम्हा दोघींच्या वेळी तो पाळला होता आणि आताही पाळणार होती.

मी फोनवर आईला सांगितलं, शेगडी ठेवायची नाही.

"मंग काय ठिवायचं? लाइट कवा असती गावात?"

"माय, निखाऱ्याचा गॅस होतो बंद खोलीत. माणसं मरतात."

"तुमी दोघी त्याच शेगडीवर वाढल्यात. मेल्यात का?"

फोन वडिलांनी घेतला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "कावून भांडताय? आपली कारखान्याची चूल हाय की. तिला पाइप हाय. जे काय व्हायचं ते पाइपातून भाईर जातंय."

मला हे पटलं. पाइप असला की धोका नाही, असं माझ्या डोक्यात बसलं. ते इतकं पक्कं बसलं की पुढचे सगळे दिवस मी पाइपाकडे पाहिलंच नाही. माझी भीती सगळी रंगाकडे गेली.

रंगाबद्दल भीती वाटायला कारण होतं. त्या चुलीवर वडिलांनी वेळोवेळी कारखान्यात उरलेला रंग मारला होता. वर हिरवा, तो पापुद्र्यांनी सुटत होता. त्याखाली चंदेरी आणि सगळ्यात खाली शेंदरी. जुन्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असायचं, हे मी कामाच्या ओघात वाचलेलं होतं. तो थर तापला तर खोलीत काय पसरेल आणि नवजात बाळाच्या पोटात काय जाईल, याचा विचार मी एसटीत बसून गावी येईपर्यंत केला. घरी आल्याबरोबर मी वडिलांना सांगितलं की एकही जुना थर ठेवायचा नाही. पत्रा उघडा करायचा आणि मग नवा रंग द्यायचा. हे काम घरापासून लांब करायचं आणि तोंडाला फडकं बांधायचं.

"शिसं!" वडील म्हणाले. "मंग म्हणूनच माजं वजन भरतंय म्हण की."

"आबा, हसण्यावारी नेऊ नका."

"न्हाई नेत. पर तुज्या पेपरावर इस्वास ठिवला तर माणसानं श्वास बी घिऊ नाही."

तरीही त्यांनी तोंडाला उपरणं बांधलं. पाइपाची खालची कडा चुलीच्या मागच्या गळ्यात बसवलेली होती. ती त्यांनी ठोकून सुटी केली आणि पाइप भिंतीत तसाच ठेवून चूल एकट्याने उचलून परसाच्या पलीकडच्या कडुनिंबाखाली नेली. वस्तीतली निम्मी घरं तेव्हा बंद होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. दारांना कुलपं, अंगणात शेळ्याही नाहीत. पत्र्यावर घासणाऱ्या तारेच्या ब्रशाचा आवाज त्यामुळे दूरवर जात होता.

काम सावकाश चाललं. आधी ते रंग सोडवणारं जाडसर औषध पत्र्यावर थापत. रंगाला सुरकुत्या पडेपर्यंत थांबत आणि मग पत्रीने खरवडत. ही पत्री म्हणजे हातभर लांबीची पातळ पोलादी पट्टी, टोकाला धार काढलेली. कारखान्यातून निवृत्त होताना त्यांनी एवढी एकच वस्तू सोबत आणली होती. हिरवा रंग लगेच निघाला. चंदेरी त्याच्यामागून निघाला. शेंदरी मात्र खाचांमध्ये आणि वेल्डिंगच्या गाठींवर धरून राहिला. तिथे ते पत्रीच्या कोपऱ्याने एकेक कण टिपत बसले. निघालेला भुगा मी खताच्या फाडलेल्या गोणीवर गोळा केला आणि विहिरीपासून लांब खड्डा घेऊन पुरला.

हे काम अर्ध्यावर असताना बहिणीला कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून अवकाश होता. बाळंतपण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झालं. मुलगा झाला, वजनाने कमी, पण रडणारा. दोघांना घरी आणलं, तेव्हा चूल कडुनिंबाखाली होती, निम्मी उघडी, निम्मी शेंदरी.

आता पुढची गोष्ट मला नंतर कळली. पण घटनाक्रमात तिची जागा इथे आहे, म्हणून इथेच लिहिते.

बहीण आणि बाळ घरी यायच्या आदल्या दिवशी आईने मागची खोली तयार केली. खिडकीच्या झडपांमधल्या फटींत चिंध्या भरल्या. विजेच्या वायरचं भोक कापसाने बुजवलं. एकपाखी दाराच्या दोन उभ्या फळ्यांमध्ये पडलेली फट वरपासून खालपर्यंत कापडाच्या पट्ट्यांनी भरली आणि उंबऱ्याशी ठेवायला गोणपाटाची वळकटी केली. मग तिने हात फिरवून पाहिलं, कुठून वारा येतो का. भिंतीतून आत आलेल्या पाइपाच्या तोंडातून येत होता. चूल नव्हती, त्यामुळे ते तोंड उघडं होतं. आईने जुन्या लुगड्याचा बोळा केला, पाइपात घातला आणि तो खाली पडू नये म्हणून लाटण्याने आत सारला. बोळा पाइपाच्या वळणापाशी जाऊन घट्ट बसला. खालून पाहिलं तर दिसत नव्हता. त्या दिवशी तिने बुजवलेल्या अनेक भोकांपैकी ते एक होतं. पुढे बाळाच्या जागरणात ते तिच्या लक्षातून गेलं.

चुलीचं काम पुढे सुरू राहिलं. शेंदरी संपला. पत्रा पॉलिश पेपरने घासून पांढरट निघाला. वडिलांनी केजहून उष्णता सहन करणारा चंदेरी रंग आणला आणि दोन पातळ हात दिले. रंग उरला, तेव्हा शिडी लावून त्यांनी परसातला बाहेरचा पाइपही रंगवला. मग चूल कडुनिंबाखालीच पेटवली. नवा रंग आधी बाहेर भाजून घ्यायचा, म्हणजे त्याचा वास जातो आणि तो पक्का होतो. पहिल्यांदा इतका उग्र धूर निघाला की शेजारचा दूधवाला विचारायला आला, टायर जाळताय का. दुसऱ्यांदा कमी निघाला. मी तिसऱ्यांदा पेटवायला लावली. त्यानंतरही मी नाक जवळ नेऊन वास घेतला आणि मला तो येतोय असं वाटलं.

"तुज्या नाकात बसलाय त्यो," वडील म्हणाले.

या काळात मागच्या खोलीत काहीच पेटवलं नव्हतं. बाळ रात्र रात्र रडत होतं. आईचं म्हणणं एकच होतं, शेक नाही म्हणून रडतंय. बहिणीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. थंडी वाढली. पाणी सकाळी हाताला चावायचं.

शेवटी चूल आत न्यायची ठरली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसाने फार थांबायचं नसतं. बहीण बाळाला घेऊन पुढच्या खोलीत बसली, वडिलांनी घाईने चूल जागेवर ठेवली, पाइपाची कडा तिच्या गळ्यात बसवली, दोन ठोके दिले आणि बाहेर आले. आई तेव्हा अंगणात पाणी तापवत होती.

अंघोळी झाल्या. बाळंतिणीच्या खोलीत लाकूड पेटवायचं नाही, धूर होतो, असा आईचा दुसरा नियम होता. म्हणून तिने अंगणातल्या चुलीतले लाल निखारे फावड्याने आणून लोखंडी चुलीत घातले, वर चिमूटभर ओवा टाकला आणि चुलीचं दार लावलं. निखाऱ्यांना धूर नव्हता. धूर असता, तर पाइप बुजलेला आहे हे पहिल्याच क्षणी कळलं असतं. खोली लवकर गरम झाली. बाळ बराच वेळ कुरकुरलं आणि मग गप्प झालं.

"बघ," आई बाहेर येऊन म्हणाली. "म्हणलं नव्हतं? शेक लागला की झोपलं लेकरू." तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. ती लंगोट धुवायला हौदाकडे गेली.

मी थोड्या वेळाने आत डोकावले. खोली ऊबदार होती, रंगाचा हलका वास होता. बहीण कुशीवर पडली होती.

"ताई, डोकं लई दुखायलंय गं."

"केव्हापासून?"

"आत्ताच. मळमळायलंय बी."

"बाळ प्यालं का?"

"न्हाई. तोंडात दिलं तर सोडून देतंय. झोपच लई आलीय त्याला. मला बी आलीय."

मी बाळाकडे पाहिलं. टोपीच्या कानपट्ट्या बांधलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं. चेहरा लालसर. मला ते बरं दिसलं. माझ्या मनात आलेला शब्द होता रंग. वास येत होता, डोकं दुखत होतं, म्हणजे रंगच. मी खिडकीकडे हात नेला, तेवढ्यात हौदावरून आईचा आवाज आला. तिला भिंतीपलीकडून कसं कळलं कोण जाणे.

"खिडकीला हात लावू नको हां! ओली बाळंतीण हाय ती!"

मी खिडकी उघडली नाही. बहिणीला म्हणाले, मी आबांशी बोलते, ही चूल आजच बाहेर काढायला लावते. ती बरं म्हणाली, उठली आणि माझ्यामागे दाराला आतून कडी घातली. पुढच्या खोलीत वडिलांची ये-जा असायची, म्हणून पाजायच्या वेळी आणि झोपताना कडी घालायची असं आईने तिला सांगून ठेवलं होतं.

वडील पुढच्या अंगणात पत्रीला तेल लावत बसले होते. मी म्हणाले, "आबा, तुमच्या रंगाने तिचं डोकं दुखतंय. उलटीसारखं होतंय."

त्यांचा चेहरा पडला. मग ते चिडले. "तीन वेळा भाजलाय. आता कसला वास?"

"येतोय. मी आत्ता घेऊन आले."

"रंग सुटायला लागला की आधी पिवळा पडतो, मंग फोड येतात. चल, दावतो. भाईरचा पाइप बी त्याच डब्यातला हाय."

ते पत्री हातातच घेऊन उठले. आम्ही घराला वळसा घालून परसात गेलो. वडिलांनी खालून वर पाइप न्याहाळला. भिंतीतून बाहेर आलेला तुकडा त्यांच्या खांद्याच्या उंचीवर होता. उन्हात तो नव्या भांड्यासारखा चकाकत होता.

"हं. आता बोल. कुठं पिवळा हाय? कुठं फोड हाय? जसा मारला तसा हाय." त्यांनी पाइपावर तळहात ठेवला आणि कौतुकाने फिरवला. "हात लावून बघ."

मी हात लावला.

पाइप गार होता. सावलीकडची बाजू तर सकाळच्या पाण्यासारखी गार होती. चुलीत निखारे घालून बराच वेळ झाला होता. आतली खोली गरम होती. चुलीतली हवा या पाइपातून बाहेर येत असती, तर त्यावर तळहात टेकवणं अवघड गेलं असतं.

वडिलांचा हात अजून पाइपावर होता. तो तिथेच थांबला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला आठवतं ते एवढंच की मी धावत होते आणि माझ्या डोक्यात ती चार ओळींची बातमी तिच्या शीर्षकासकट होती.

मी मागच्या खोलीच्या दारावर थाप मारली. बहिणीला हाक मारली. पुन्हा मारली. आतून उत्तर आलं नाही. बाळाचाही आवाज नव्हता. आतापर्यंत घरातल्या सगळ्यांना ती शांतता हवी होती. आता तीच ऐकवत नव्हती.

वडिलांनी मला बाजूला केलं. त्यांनी खांदा लावला, दार हललं पण सुटलं नाही. आतून लोखंडी पट्टीची कडी होती, खालून वर उचलली की सुटणारी. पण दोन फळ्यांमधल्या फटीत आईने कापड ठासून भरलं होतं. वडिलांनी पत्रीच्या टोकाने ते उपसायला सुरुवात केली. एक पट्टी निघाली, दुसरी निघाली. पत्री लाकडावर घसरत होती. "निघ, निघ," ते कापडाला म्हणत होते. मग त्यांनी पत्री फटीत सरळ घातली आणि वर झटका दिला. पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा आत काहीतरी खळ्ळ वाजलं आणि दार उघडलं.

खोलीत काहीच वेगळं दिसत नव्हतं. धूर नव्हता. ऊब होती आणि ओव्याचा वास होता. बहीण बाजेवर आडवी होती, एक हात खाली लोंबत होता. मी बाळ उचललं. त्याला उचललं की ते नेहमी अंग आखडून घ्यायचं. आता त्याने तसं केलं नाही. मान माझ्या कोपरावरून मागे गेली. मी त्याला घेऊन अंगणात आले, उन्हात, वाऱ्यात, आणि दुपटं सोडलं.

आई हौदाकडून ओल्या हातांनी धावत आली. "अगं, काय करतीस? वारा लागंल! उघडं कावून केलंस त्याला?"

"माय, गॅस झालाय आत. पाइप तुंबलाय."

तिने माझ्या हातातून बाळ घ्यायला हात पुढे केले. मी पाठ फिरवली. बाळाच्या तळपायांवर मी अंगठा घासत होते. तोंड किंचित उघडं होतं. छाती हलते की नाही ते मला कळत नव्हतं, कारण माझेच हात हलत होते. वडील बहिणीला काखेत धरून ओढत बाहेर घेऊन आले आणि तिला भिंतीला टेकवून बसवलं. तिची मान खाली होती. ते तिला गालावर थापटत होते, "ए बाई, ए माय, बघ माज्याकडं." ती ओकली. तेव्हा कळलं की ती जिवंत आहे.

बाळाने आवाज केला, पण ते रडणं नव्हतं. मांजराचं पिल्लू दाबलं गेल्यावर करेल तसा बारीक आवाज. मग पुन्हा काही नाही.

शेजारचा दूधवाला कॅन धुवून पिकअप अंगणात लावत होता. वडिलांनी त्याला हाक मारली. त्याने काही विचारलं नाही, रिकामे कॅन खाली फेकले आणि गाडी वळवली. आम्ही मागे उघड्या हौद्यात बसलो. वडिलांनी बहिणीला धरलं होतं. बाळ माझ्या मांडीवर होतं, आई माझ्या शेजारी.

तालुक्याचा रस्ता खराब नव्हता, पण वारा फार होता. पौषातला वारा, डोळ्यांत पाणी आणणारा. गाडीने वेग घेतला तसा आईने पदर ओढला आणि बाळाच्या तोंडावर धरला. मी तो बाजूला केला. तिने पुन्हा धरला. मी पुन्हा बाजूला केला. तिसऱ्यांदा मी तिचं मनगट घट्ट पकडलं आणि म्हणाले, "माय, त्याला वारा पाहिजे. वाऱ्यानेच वाचेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. पण तिने पदर खाली घेतला. मग तिने बाळाच्या नाकाखाली बोट धरलं आणि दवाखाना येईपर्यंत ते तिथून काढलं नाही. गाडी आदळली की ती म्हणायची, "हाय." पुढच्या आदळ्याला पुन्हा, "हाय." मी तिच्या त्या एका शब्दाची वाट पाहत होते. रस्त्यात उसाच्या दोन ट्रॅक्टरांनी गाडी अडवली. त्या थांबण्यात ती काहीच म्हणाली नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बाळ घेतलं, आत नेलं, बहिणीला मास्क लावायला सांगितलं आणि परत येऊन विचारलं, नेमकं काय झालं.

मी बोलायच्या आधी वडील बोलले. "रंगानं झालं. चुलीला रंग मी दिलता. मीच आत बसवली. सारं माजंच हाय, डॉक्टर." त्यांच्या बोटांवर चंदेरी रंग होता. ते बोटं पँटला पुसत होते.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी क्रमाने सांगितलं: बंद खोली, निखारे, पाइप गार होता, कशाने तरी तुंबला असावा.

"रंगाचा वास आला असेल, पण त्याने असं होत नाही," त्या म्हणाल्या. "निखाऱ्याच्या गॅसला वासच नसतो. पाइपात काय होतं?"

"कबुतराचं घरटं असंल," वडील म्हणाले.

आई भिंतीपाशी उभी होती. तिच्या हातात बाळाची टोपी होती. ती टोपीकडे पाहत म्हणाली, "घरटं न्हाई. मी बोळा कोंबलाय. चूल भाईर होती तवा. वारा येत होता त्यातून."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी तिचं कोपर धरलं आणि तिला बाकड्यावर बसवलं.

"आता ऑक्सिजनवर ठेवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "वेळ पडली तर अंबाजोगाईला पाठवू. बाळाने स्वतःहून दूध ओढलं की मला सांगा. तोवर मी काही सांगू शकत नाही."

आम्ही थांबलो. बहिणीचं डोकं हळूहळू ताळ्यावर आलं. तिने पहिल्यांदा बाळ कुठे आहे ते विचारलं. दुसऱ्यांदा पुन्हा तेच विचारलं, कारण पहिलं उत्तर तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. काचेच्या पलीकडे बाळाच्या डोक्यावर प्लास्टिकचा पारदर्शक डबा होता आणि त्यात नळी सोडलेली होती. ते श्वास घेत होतं. पण श्वास घेणं आणि दूध ओढणं यात किती अंतर आहे, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. वडील काचेपाशी जायचे आणि परत यायचे. आई एकदाही उठली नाही. मला हातात काही काम हवं होतं आणि काही नव्हतं.

ऊन कलल्यावर परिचारिकेने बहिणीला आत बोलावलं. मीही मागे गेले. बाळ तिच्या छातीशी धरलं. त्याने तोंड फिरवलं. परिचारिकेने त्याच्या कानाच्या पाळीला चिमटा घेतला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बहीण हळू आवाजात म्हणत होती, "घे ना रे. घे ना." मग त्याने तोंड लावलं. गाल आत गेला, थांबला. पुन्हा आत गेला. बहीण कण्हली, "ओढायलंय ताई. दुखायलंय."

मी बाहेर येऊन आईला सांगितलं. तिने टोपी तोंडाशी धरली आणि टोपीत तोंड खुपसून रडली.

डॉक्टरांनी दोघांना आणखी काही दिवस ठेवून घेतलं. तपासणीसाठी पुढेही यायला सांगितलं. मेंदूवर काही परिणाम राहिला नाही ना, हे बाळ मोठं होत जाईल तसं कळेल, असं त्या म्हणाल्या. ते वाक्य आमच्या घरात कितीतरी महिने होतं. बाळ आवाजाकडे वळलं, हसलं, पालथं पडलं, तेव्हा प्रत्येक वेळी आम्ही आधी घाबरलो आणि मग आनंदलो.

दोघं घरी यायच्या आधी वडिलांनी चूल पुन्हा बाहेर काढली. पाइपातून लांब सळईने बोळा ओढून काढला. लुगड्याचा तुकडा होता, बाळाच्या लंगोटांसाठी आईने जे लुगडं फाडलं होतं त्यातलाच. खालच्या बाजूने तो थोडा करपला होता. आईने तो धुतला नाही. अंगणातल्या चुलीत टाकला आणि पूर्ण जळेपर्यंत बाजूला उभी राहिली.

लोखंडी चूल आता कडुनिंबाखाली असते. अंघोळीचं पाणी तिच्यावर तापतं. उघड्यावर लाकडाच्या जाळाने तिचा चंदेरी रंग पहिल्याच महिन्यात पिवळा पडला आणि दाराजवळ फोड आले. वडिलांनी तो पुन्हा खरवडला नाही.

बाळ घरी आलं त्या सकाळी खूप थंडी होती. मागच्या खोलीत काही पेटवलेलं नव्हतं. बहिणीने बाळाला बाजेवर ठेवलं. आई आत आली, दाराच्या फळ्यांमध्ये उरलेल्या पट्ट्या काढल्या, वायरच्या भोकातला कापूस काढला, मग खिडकीच्या झडपांतल्या चिंध्या एकेक करून उपसल्या आणि झडपा उघडल्या. वारा आत आला. कोपऱ्यातलं कॅलेंडर हललं. आईने बाळाच्या टोपीच्या नाड्या नेहमीपेक्षा घट्ट बांधल्या. मग तिने पाट ओढला, बाजेवर बाळ आणि खिडकी यांच्या मध्ये ठेवला आणि वर चढून बसली. तिची पाठ खिडकीला होती आणि तोंड बाळाकडे.

"माय, गार लागेल तुला," मी म्हणाले.

"लागू दे मला," ती म्हणाली आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरलं.